सातवी ते नववी, घरच्या घरी: कॅथलिक कुटुंबाच्या अभ्यासक्रमाची आखणी

गृहशिक्षणात मुलाचे नाव शाळेच्या पटावर नसते आणि त्याच्या शिक्षणाची सगळी जबाबदारी पालक घरी उचलतात. कॅथलिक घरात या जबाबदारीचा आवाका आणखी वाढतो, कारण गणित, भाषा, विज्ञान आणि इतिहास यांच्याबरोबर श्रद्धेचे शिक्षणही त्याच वेळापत्रकात, त्याच माणसांच्या हातून व्हायचे असते. बारा ते चौदा या वयात, म्हणजे शाळेच्या भाषेत सातवी ते नववीत, ही आखणी सर्वांत कठीण असते. लहानपणी मूल सांगितलेले ऐकते. या वयात ते 'कशावरून?' असे विचारू लागते, आणि हा प्रश्न देवाबद्दलही असतो. याच सुमारास दहावीची परीक्षा दिसू लागते आणि पॅरिशमध्ये दृढीकरण संस्काराची तयारी जवळ येते.

दक्षिण आणि मध्य मुंबईत हा मार्ग निवडणारी कुटुंबे थोडी आहेत आणि त्याचे कारण उघड आहे. इथे चर्चला लागून शाळा असणे ही दीडशे वर्षांहून जुनी रीत आहे. धोबीतलावचे सेंट झेवियर्स हायस्कूल १८६९ चे, माझगावचे सेंट मेरीज १८६४ चे. गिरगाव, दादर किंवा परळमधल्या कॅथलिक मुलाची पायवाट घरातून चर्चला आणि चर्चच्या आवारातून शाळेत अशीच राहिली. मुलाची प्रकृती, खेळाचा किंवा संगीताचा कसून सराव, शाळेतल्या गतीशी न जुळणारी बुद्धी किंवा श्रद्धेसह सलग शिक्षण देण्याची पालकांची ओढ अशा कारणांनी एखादे कुटुंब ही वाट सोडते. तेव्हा त्याला सगळी आखणी स्वतःच करावी लागते.

कायद्याची बाजू आधी समजून घ्यायला हवी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकांना कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. गृहशिक्षणाला कायद्याने नाव घेऊन परवानगी दिलेली नाही, बंदीही घातलेली नाही, आणि त्याची नोंदणी किंवा तपासणी करणारी यंत्रणाही नाही. या संदिग्धतेत राहायचे असेल तर कागदपत्रे चोख हवीत. आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि घरी झालेल्या अभ्यासाच्या तारीखवार वह्या जपून ठेवाव्यात. घरचा प्रयोग जमला नाही तर त्याच अधिनियमाचे कलम ४ उपयोगी पडते. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश आणि त्या इयत्तेची बरोबरी गाठण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याची तरतूद त्यात आहे.

चर्चची भूमिका यापेक्षा स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जाहीरनामा काढला आणि पालकांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. १९८३ च्या धर्मविधी संहितेतील कलम ७९३ मुलांना शिकवण्याचे कर्तव्य आणि हक्क दोन्ही पालकांना देते. कलम ७९८ कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळांना प्राधान्य द्यायला सांगते, पण ते जमत नसेल तर शाळेबाहेर त्याची सोय करण्याची जबाबदारीही पालकांवर टाकते. म्हणजे घरी शिकवणारे कुटुंब चर्चच्या शिकवणीबाहेर जात नाही. मात्र पॅरिशला वगळून श्रद्धा शिकवता येईल असेही चर्च कुठे म्हणत नाही. हा दुसरा भाग काही उत्साही पालकांच्या नजरेतून सुटतो. घरी कितीही चांगला धडा झाला तरी रविवारची मिस्सा, पॅरिशचे धर्मशिक्षणाचे वर्ग आणि दृढीकरणाची तयारी सर्वांसोबतच व्हायला हवी.

आखणीला सुरुवात शेवटाकडून करावी. मूल पंधरा-सोळा वर्षांचे होईल तेव्हा त्याच्या हातात कोणते प्रमाणपत्र असेल, हे सातवीच्या जूनमध्येच ठरवलेले बरे. मुंबईत तीन मुख्य वाटा आहेत. पहिली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती स्थापन झाली. तिच्या माध्यमिक परीक्षेसाठी वय चौदा वर्षे पूर्ण लागते, किमान पाच विषय घ्यावे लागतात, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एका वेळी दोन विषय देऊन उरलेले पुढच्या सत्रात देता येतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होतात. विषयांत मराठीही आहे. दुसरी वाट राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची. तिला मुंबईकर '१७ नंबरचा फॉर्म' म्हणून ओळखतात. तिसरी वाट केंब्रिजसारख्या परदेशी मंडळांच्या परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसण्याची, आणि ती खर्चीक आहे. घरी शिकणाऱ्या बहुतेक मुलांना एनआयओएसची लवचीक रचना सोयीची पडते. नववीच्या वयात गणित किंवा भाषा यांपैकी एखादा विषय पूर्ण करून मोकळे होता येते आणि एकदम पाच विषयांचे ओझे पडत नाही.

प्रमाणपत्राचा विचार लांबवला तर काय होते आणि घरच्या वेळाचे सोने केले तर काय होते, या दोन्हींचे उदाहरण दादरच्या शाळेतूनच मिळते. मालविका जोशी ही दादर पारसी यूथ्स असेंब्ली हायस्कूलची विद्यार्थिनी सातवीच्या सुमारास शाळा सोडून घरी शिकू लागली. ते घर धार्मिक कारणाने या वाटेवर आले नव्हते, पण अनुभव सर्वांच्या कामाचा आहे. तिला संगणकाच्या आज्ञावलीची गोडी लागली आणि पुरेसा वेळही मिळाला. आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद होते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिची तयारी पाहून तिला घेतले आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने प्रवेश दिला. अशा मुली विरळा. बाकीच्यांनी खोलवर अभ्यास जरूर करावा, पण दहावीचे प्रमाणपत्रही हाती ठेवावे.

धर्मशिक्षणासाठी तीन वर्षांचे एक चक्र चर्चने आधीच बांधून ठेवले आहे. व्हॅटिकन परिषदेनंतर रविवारच्या वाचनांची त्रैवार्षिक रचना झाली. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक हे शुभवर्तमानकार प्रामुख्याने वाचले जातात, आणि योहानाचे शुभवर्तमान ईस्टरच्या काळात आणि मार्कच्या वर्षातल्या काही रविवारी येते. सातवी, आठवी आणि नववी ही तीन वर्षे या चक्राशी नेमकी जुळतात. २०२५ च्या आगमनकाळापासून मत्तयाचे वर्ष सुरू झाले आहे. शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचे शुभवर्तमान घरी वाचायचे, मुलाने ते स्वतःच्या शब्दांत सांगायचे आणि रविवारचे प्रवचन ऐकून त्यावर पाच-सहा ओळी लिहायच्या. एवढे सातत्याने केले तर तीन वर्षांत चारही शुभवर्तमाने मुलाच्या परिचयाची होतात. मराठीत वाचायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आहे. या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे दिब्रिटो अध्यक्ष होते. मराठी लिहिणारा धर्मगुरू मराठी साहित्याच्या मध्यभागी उभा राहू शकतो, हे त्यातून मुलांना कळते.

या वाचनाच्या जोडीला श्रद्धेची क्रमवार मांडणी लागते. १९९२ च्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचे चार भाग आहेत: श्रद्धा, संस्कार, ख्रिस्तातील जीवन आणि प्रार्थना. सातवीत श्रद्धाकथन आणि तारणाचा इतिहास, आठवीत संस्कार व प्रार्थना, नववीत दहा आज्ञा आणि चर्चची सामाजिक शिकवण असा क्रम या वयाला मानवतो. मूळ ग्रंथ मोठा आहे. तरुणांसाठी २०११ मध्ये आलेले 'यूकॅट' प्रश्नोत्तरी पद्धतीचे असल्याने घरी वाचायला सोपे जाते. नुसते पाठांतर मात्र या वयात पुरत नाही. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ च्या व्याख्यानात जुन्या युरोपीय शिक्षणाचे तीन टप्पे मुलांच्या वयाला जोडून दाखवले होते: पाठांतराचे वय, वाद घालण्याचे वय आणि मांडणीचे वय. बारा ते चौदा हे वादाचे वय. 'पापनिवेदन फादरांपाशीच का?' असे मूल विचारते तेव्हा त्याला गप्प बसवण्यापेक्षा उत्तर शोधायला लावावे. एखादा प्रश्न पालकांना सुटला नाही तर तो वहीत लिहून पॅरिशच्या धर्मगुरूंकडे न्यावा.

संतांची निवडही वयाकडे पाहून करता येते. मूळचे वसईचे गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संत घोषित झाले. त्यांच्या चरित्रातून वसईचा किल्ला, पोर्तुगीज व्यापार आणि जपानचा इतिहास एका धाग्यात येतो. दुसरे टोक कार्लो अकुटिसचे. संगणकात रमणारा हा मुलगा २००६ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी वारला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झाला. मोबाइल आणि इंटरनेट किती आणि कशासाठी, या घरोघरच्या प्रश्नावर मुलाशी बोलायला तो चांगला आधार आहे.

कॅथलिक अभ्यासक्रमाची खरी परीक्षा इतर विषयांत होते. सकाळी प्रार्थना करून उरलेला दिवस कोणत्याही शाळेसारखा काढला तर त्यात कॅथलिक काही राहत नाही. उलट प्रत्येक गणिताला बायबलचे वचन जोडत बसले तर गणित आणि बायबल दोन्हींचा अपमान होतो. जिथे विषय आणि श्रद्धा खरोखर एकत्र येतात तिथे थांबून खोल उतरणे हा मधला मार्ग आहे, आणि मध्य मुंबई त्यासाठी विलक्षण समृद्ध आहे.

प्लेग हे त्याचे पहिले उदाहरण. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान करणारे डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस हे गोव्यातील हडफड्याचे कॅथलिक होते. पुढे १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे आणि गिरगावातून तिथे चालत जाता येते. १८९६ मध्येच जिवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला हलली. परळची ही वास्तू मुळात पोर्तुगीज काळातील चर्च आणि मठ. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती ताब्यात घेतली, पुढे ती गव्हर्नरांचे निवासस्थान झाली, आणि आज तिथे हाफकिन संस्था आहे. एकाच इमारतीत मठ, सत्ता आणि विज्ञान यांचे थर दिसतात. खोताच्या वाडीसारख्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत हमरस्त्यावर किंवा बोळाच्या तोंडाशी जे क्रूस दिसतात, त्यांतले अनेक शहरात प्लेगच्या साथीत किंवा तिच्या आठवणीसाठी उभारले गेले.

आठवीच्या मुलासाठी हे सहा आठवड्यांचे काम आहे. जीवशास्त्रात जिवाणू, उंदरावरची पिसू आणि लस कशी काम करते. येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला जिवाणू ओळखला आणि सिमाँने १८९८ मध्ये कराचीत पिसवांचा संबंध दाखवला. इतिहासात १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यातले रँड प्रकरण आणि रुग्णसेवा करताना प्लेगने गेलेल्या सावित्रीबाई फुले. भूगोलात १८९८ ची सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि तिने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या वसाहती. गणितात साथीतल्या मृत्यूंचे आलेख. धर्मशिक्षणात योबाचा ग्रंथ आणि दयेची शारीरिक कृत्ये. क्रुसासमोर गुडघे टेकणारी माणसे आणि सुई घेऊन फिरणारा डॉक्टर यांच्यात विरोध होता का, हा प्रश्न मुलाने स्वतः हाताळावा. व्हिएगस यांच्या आयुष्यात दोन्ही एकत्र होते, आणि पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही परिच्छेदापेक्षा हे उदाहरण मुलाला जास्त शिकवते.

दुसरे उदाहरण गिरणगावाचे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. लोखंडे सत्यशोधक होते आणि रविवार हा त्यांच्या दृष्टीने खंडोबाचा वार होता. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले. त्यात न्याय्य वेतन, संघटना करण्याचा हक्क आणि रविवारची विश्रांती हे मुद्दे होते. मुंबईचा सत्यशोधक पुढारी आणि रोममधला पोप एकमेकांना ओळखत नव्हते, तरी माणसाच्या विश्रांतीबद्दल दोघांचे म्हणणे जुळले. 'प्रभूचा दिवस पवित्र पाळ' ही आज्ञा शिकवायला याहून चांगला धडा मुंबईत सापडणार नाही. लोखंडेही ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले, त्यामुळे हा धडा आधीच्या धड्याशी आपोआप जोडला जातो. पुढचा दुवा विसाव्या शतकातला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमाच्या प्रतिष्ठेवरचे परिपत्रक १४ सप्टेंबर १९८१ रोजी काढले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला. चार वर्षांनी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, याच पोपने दादरच्या शिवाजी पार्कवर मिस्सा केली. नववीच्या मुलाने गिरणीत काम केलेल्या एखाद्या आजोबांना भेटून संपाच्या आठवणी लिहून घ्याव्यात. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे. तिथे उभे राहून जमीन, श्रम आणि नफा यांवर लिहिलेला निबंध नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि नीती तिन्हींचा होतो. विद्यमान पोप चौदावे लिओ यांनी २०२५ मध्ये हे नाव घेताना तेराव्या लिओंच्या सामाजिक शिकवणीचा दाखला दिला, त्यामुळे विषय शिळाही वाटत नाही.

विज्ञानात एक सावधगिरी हवी. अमेरिकेतून येणाऱ्या काही ख्रिस्ती पुस्तकांत पृथ्वी काही हजार वर्षांची असल्याचे आणि उत्क्रांती नाकारण्याचे मत असते. कॅथलिक शिकवणीला त्याची गरज नाही. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीवरच्या संशोधनाला मुभा दिली आणि १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी तिला केवळ तर्कापेक्षा अधिक मानले. विश्वाच्या प्रसरणाची कल्पना १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र धर्मगुरू होते, आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल मठवासी होते. गॅलिलिओची शिक्षाही मुलाला लपवाछपवी न करता शिकवावी. वनस्पतिशास्त्रासाठी तर मुंबईचीच परंपरा आहे. सेंट झेवियर्स कॉलेजचे वनस्पतिसंग्रहालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांच्यानंतरचे फादर सांतापाव हे जेझुइट आपल्या काळचे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे प्रमुख झाले. राणीच्या बागेत दर पंधरवड्याला जाऊन एकाच झाडाची वर्षभर नोंद ठेवायची, पानगळ, मोहर, फळ आणि पक्षी टिपायचे. हे काम निरीक्षणाची सवय लावते. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आणि तारांगण जवळच आहेत.

भाषेचा प्रश्न मुंबईच्या कॅथलिक घरात नाजूक असतो. गोव्याकडच्या घरांत कोकणी, मंगळुरी घरांत तिथली कोकणी, ईस्ट इंडियन घरांत मराठीची बोली, आणि नव्या पिढीत सर्वत्र इंग्रजी. अभ्यासक्रम इंग्रजीत झाला तरी मराठी तीन वर्षे रोज हवी. तिच्याशिवाय मुलाला शेजारी, शहर आणि स्वतःच्या समाजाचा अर्धा इतिहास परका राहतो. या इतिहासाचा कळस म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण'. एका इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले हे काव्य १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांपैकी निवडक पन्नास-साठ ओव्या आठवीत अर्थासह वाचणे शक्य आहे. त्यापुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' द्यावीत. त्या प्रॉटेस्टंट होत्या, पण धर्मांतराने घरात काय होते याचे इतके प्रामाणिक चित्र मराठीत दुसरे नाही. घरात ईस्ट इंडियन आजी असेल तर तिची गाणी, पाककृती आणि आगेरा या सुगीच्या सणाच्या आठवणी मुलाने ध्वनिमुद्रित करून बोलीचा छोटा शब्दकोश तयार करावा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासदत्व हा या विषयावरचा सर्वांत फायदेशीर खर्च आहे.

कला आणि संगीत हे विषय कॅथलिक घरात सहसा आधीच असतात. पॅरिशच्या गायनवृंदात सूर लावणे हेच शिक्षण असते. वास्तुकलेसाठी दादरचे पोर्तुगीज चर्च पाहावे. मूळ चर्च १५९६ चे, आजची इमारत १९७० च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार बांधलेली. कुलाब्याच्या १९०५ च्या होली नेम कॅथीड्रलशी तिची तुलना करताना वेदीची जागा, प्रकाश आणि भाविकांची बैठक का बदलली हे मुलाच्या लक्षात येते आणि व्हॅटिकन परिषद समजते. ख्रिस्त आणि मरिया यांना भारतीय रूपात रंगवणारे अँजेलो दा फोन्सेका यांची चित्रेही त्याने पाहायला हवीत. गणिताबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. रोज पाऊण तास, क्रमिक पुस्तकातून, एकही दिवस न चुकवता.

तयार अभ्यासक्रम विकत घेण्याचा मोह पालकांना होतो. व्हर्जिनियातील सेटन होम स्टडी स्कूल, कॅलिफोर्नियातील मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस यांसारख्या संस्था अनेक वर्षे कॅथलिक घरांसाठी पूर्ण वर्षाचे अभ्यासक्रम पुरवतात. त्यांची क्रमवार मांडणी आणि धर्मशिक्षणाची पुस्तके उपयोगी आहेत. पण त्यांचा इतिहास अमेरिकेचा, भूगोल अमेरिकेचा आणि खर्च डॉलरमध्ये. गिरगावातल्या मुलाने अमेरिकेची राज्ये पाठ करावीत आणि त्याला व्हिएगस, लोखंडे, स्टीफन्स माहीत नसावेत, हे बरोबर नाही. त्यातून रचना घ्यावी आणि मजकूर इथला भरावा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास सांगतो, म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास. घरी हजेरी, रांगा आणि तासांमधली मोडतोड नसते, त्यामुळे तीन-साडेतीन तास बसून अभ्यास आणि बाकी वाचन, निरीक्षण, घरकाम एवढ्यात काम भागते. सकाळी प्रार्थना, गणित आणि भाषा. मधल्या वेळेत आठवड्यातले दोन दिवस विज्ञान आणि दोन दिवस इतिहास-भूगोल. शुक्रवार शहरात बाहेर जाण्याचा. रविवारी अभ्यास नाही. वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि उपासनावर्ष आगमनकाळात. म्हणून पहिल्या सहामाहीत मोठे विषय संपवावेत आणि डिसेंबरपासून उजळणी व परीक्षेची तयारी धरावी. गणपतीचे दहा दिवस लालबाग ते गिरगाव चौपाटीपर्यंत रस्ते भरलेले असतात. तो काळ सुटीचाच ठेवावा, आणि शेजाऱ्यांच्या सणाकडे आदराने पाहणे हाही व्हॅटिकन परिषदेच्या शिकवणीचा भाग असल्याचे मुलाला सांगावे. उपवासकाळात चित्रपट कमी आणि सेवा जास्त, असा बदल वेळापत्रकातच दिसायला हवा.

चाळीतल्या एका खोलीत किंवा छोट्या फ्लॅटमध्ये अभ्यासाची जागा ही खरी अडचण असते. ग्रंथालयाची अभ्यासिका आणि चर्चचा हॉल यांचा त्यासाठी विचार करावा. दोन-तीन कुटुंबांनी मिळून विज्ञानाचे प्रयोग आणि चर्चा एकत्र केल्या तर भारही वाटला जातो. आईने सगळे शिकवायचे आणि वडिलांनी फी भरायची, ही वाटणी या वयात टिकत नाही. मुलग्यांना आणि मुलींनाही दोघांकडून शिकण्याची गरज असते, विशेषतः शरीर, लैंगिकता आणि विवाह या विषयांवर. समवयस्कांची सोबत हा सर्वांत मोठा आक्षेप असतो आणि तो खरा आहे. वेदीसेवक, गायनवृंद, पॅरिशचा युवागट, फुटबॉल आणि शेजारची मुले यांतून आठवड्यात किमान तीन वेळा मूल आपल्या वयाच्या मुलांत असले पाहिजे. तसे होत नसेल, मूल एकटे पडून खिन्न होत असेल, तर त्याला शाळेत परत घालणे हाच योग्य निर्णय ठरतो.

दर तिमाहीला निवडक वह्या, निबंध, आलेख आणि छायाचित्रे एका फाइलमध्ये लावावीत. ही नोंद पुढे प्रवेशाच्या वेळी आणि पालकांना स्वतःच्या कामाकडे परत बघतानाही लागते. एनआयओएसची माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेत भाग घेता येतो. मुंबईतील ख्रिस्ती अल्पसंख्याक कनिष्ठ महाविद्यालयांत समाजासाठी राखीव जागा असतात आणि त्यांसाठी स्नानसंस्काराचा दाखला व पॅरिशच्या धर्मगुरूंचे पत्र मागितले जाते. दृढीकरणाची नोंद पॅरिशच्या वहीत नीट झाली आहे का, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.